पान तेवीस

१

‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही.’

चौतीस वर्षांच्या नोकरीत हे चार शब्द मी इतक्या वेळा वाचले आहेत की आता ते नुसते दिसले तरी माझं डोकं दुखायला लागतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सुटका नाही. उच्च शिक्षणाच्या विभागीय कार्यालयात रोस्टर समजणारं माणूस उरलं नाही, म्हणून मला करारावर परत बोलावून घेतलं. रोस्टर म्हणजे कुठली जागा कोणत्या प्रवर्गासाठी राखीव आहे त्याचा तक्ता. तो समजायला फार अक्कल लागत नाही, पण न समजल्याचं सोंग करायला लागते, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे.

अठ्ठावीस मार्चला सकाळी मी गोंदियाजवळच्या कुडव्याहून स्कूटी काढली आणि गोरेगावच्या रस्त्याला लागले. त्या बाजूला एक विज्ञान महाविद्यालय आहे. त्याचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर संचालक मंडळ वकिलाची नोटीस पाठवेल आणि तिला उत्तर देण्यात माझा उन्हाळा जाईल.

प्रकरण असं होतं. वनस्पतिशास्त्राच्या सहायक प्राध्यापकाची एक जागा, अनुसूचित जमातीसाठी राखीव. तिची ही तिसरी जाहिरात. अर्ज आले तीन. त्यातल्या दोघांकडे ना सेट, ना पीएच.डी., त्यांची नावं गळली ते बरोबरच. तिसरी डॉ. खुशबू उईके, सालेकसा तालुक्यातल्या जंगलपट्टीतली. पीएच.डी. झालेली, सेट झालेली, आणि याच कॉलेजात सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी. तासिका तत्त्वावर म्हणजे दर जूनमध्ये नवी नेमणूक आणि दर मार्चमध्ये घरी. तिला छाननी समितीने अपात्र ठरवलं होतं. कारण लिहिलं होतं, ‘जात वैधता प्रमाणपत्र अर्जासोबत जोडलेले नाही.’ खुशबूची तक्रार होती की तिने ते जोडलं होतं आणि कोणीतरी काढून घेतलं.

भरतीची परवानगी एकतीस मार्चला संपत होती. जागा तिसऱ्यांदा रिकामी राहिली की संस्था ती दुसऱ्या प्रवर्गात बदलून मागणार होती, आणि तसा ठराव टाईप करून तयार होता. या विषयात जिल्ह्यातली पुढची राखीव जागा कधी निघेल ते मी आदल्या दिवशी रोस्टरवरून पाहिलं होतं. तेव्हा खुशबू त्रेपन्न वर्षांची असेल.

“मॅडम, हमने तो पूरा रूल फॉलो किया है,” प्राचार्य इंद्रकुमार टेंभरे मला बसायला सांगायच्या आधीच म्हणाले. “खुशबू आमचीच आहे. ती लागली असती तर आम्हाला आनंदच होता. पण कागदच नाही, तर आपण काय करणार?”

त्यांनी चहा मागवला. मी चहा घेत नाही असं सांगितलं. चहा आला.

तिचा अर्ज मी पुढ्यात ओढला. डाव्या कडेने दोऱ्याने शिवलेला जाड गठ्ठा. पानांवर लाल शाईत एक ते शेहेचाळीस आकडे, कुठे खाडाखोड नाही, कुठे आकडा गाळलेला नाही. अर्ज घेताना दिलेल्या पोचपावतीवरही ‘शेहेचाळीस पाने’ असंच होतं. गठ्ठा उलटा केला तर मागेही काम नीटनेटकं, जिथे दोरा निघतो तिथे नखाएवढ्या तीन पांढऱ्या कागदी पट्ट्या चिकटवलेल्या.

“बघा,” प्राचार्य म्हणाले. “कागद काढला असता तर एक पान कमी भरलं नसतं का?”

मुद्दा बिनतोड होता, आणि त्यामुळेच मला त्याचा राग आला. मी सहपत्रांची यादी काढली. त्यात खुशबूच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं: जात वैधता प्रमाणपत्र, पान २३. मग मी पान २३ उघडलं. तिथे विभागप्रमुखांच्या सहीचा, मागच्या जूनमधला अनुभवाचा दाखला होता. तो यादीत कुठेच नव्हता.

“यादी आधी केली असेल, कागद नंतर बदलला असेल,” प्राचार्य घाईने म्हणाले. “ये लोग ऐसेही करते हैं, मॅडम.”

“कोण लोक?”

त्यांनी खोकून घेतलं. “उमेदवार, मॅडम. कॅन्डिडेट लोग.”

मी चष्मा पुसला, कारण दुसरं काही केलं असतं तर ते माझ्या करारात बसलं नसतं. चोरी झाली असेल तर चोराने नुसता कागद नेला नव्हता, त्या जागी दुसरा ठेवला होता. आणि त्याबद्दल विचारावं तर खुशबू उईकेचा फोन दोन दिवसांपासून लागत नव्हता.

२

अर्ज घेण्याचं काम हेडक्लार्क भैयाजीचं. पंचावन्नच्या पुढचा माणूस, शर्टाच्या खिशात चार पेनं आणि कॉलरमध्ये टोचलेली जाड सुई, दाभण. मी विचारायच्या आधीच तो तापला होता.

“मॅडम, माज्यावर आळ घेऊन राहिल्या का तुमी? मी काऊन काढू तिचा कागद? मले का भेटन त्याच्यातून?”

“आळ नाही. अर्ज आला तेव्हा काय केलंत ते सांगा.”

“खुशबू मॅडम समोरच बसून होत्या. मी एकेक पान मोजलो, लाल पेनानं नंबर टाकलो, दाभणानं शिवलो, पावती देलो. झालं.”

“तेविसाव्या पानावर वैधता होती का?”

“मी नंबर पाहतो मॅडम, कागद नाही वाचत. वाचाले बसलो तं रिटायरमेंट तिथंच होईन.”

निदान तो खोटं बोलत नव्हता. सगळ्या कचेऱ्यांत असंच असतं, कागद सगळे सांभाळतात आणि वाचत कोणी नाही.

शिवायचं खूळ कुठून आलं ते मी विचारलं. इतर कॉलेजांत अर्जाला टॅग लावतात. भैयाजी एकदम खुलला. दोन वर्षांमागे टॅग सुटून दोन उमेदवारांची पानं एकमेकांत गेली होती. तेव्हापासून तो अर्ज उमेदवारासमोर शिवतो. आणि शिवणं त्याला येतंच, कारण नोकरी लागायच्या आधी नऊ वर्षं त्याने गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये तांदळाची पोती शिवली होती.

“पाहा,” म्हणत त्याने रद्दीचा गठ्ठा घेतला आणि माझ्यासमोर दाभण चालवलं. एकच दोरा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, शेवटी वर एक गाठ. “हे टोक वढलं का पूर्ण पोतं मोकळं. एका झटक्यात.” आणि त्याने दोरा दाताने तोडला. कार्यालयात दोरा दाताने तोडू नये असं मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि दाभण परत कॉलरमध्ये खोचायला गेला, तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं.

“फाईली तुमच्या कपाटातून बाहेर कधी गेल्या?”

“छाननीच्या आधी दोनदा. एक डाव प्राचार्यांच्या केबिनमंधी, तासभर. आन् एक डाव बॉटनी डिपार्टमेंटमंधी, मार्क मोजाले. थ्या दोन दिवस होत्या तिथं.”

“नेल्या कोणी?”

“राहुल सरांनी. आणूनही त्यांनीच देल्या.” भैयाजीने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तेही तासिकेवरच हायेत, मॅडम. ही जागा ओपन झाली का पैला अर्ज त्यांचाच. पूरा कॉलेज जानता है.”

३

वनस्पतिशास्त्र विभागात पाऊल टाकलं की डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरतो. भिंतीला लावून लोखंडी कपाटं, त्यांत वाळवलेल्या वनस्पतींच्या शीट. राहुल रहांगडाले टेबलाशी बसून एक वाळकी फांदी जाड कागदावर फेविकॉलने चिकटवत होता. वय अडतीस, डोळ्यांखाली काळं. मी कोण ते कळल्यावर त्याने ब्रश खाली ठेवला.

“विचारा. मला माहीत आहे भैयाजी काय सांगून राहिले ते.”

“खुशबूची जागा गेली तर तुमचा फायदा आहे?”

“माझा?” तो हसला, पण त्यात हसू नव्हतं. “मॅडम, मी नऊ वर्षं शिकवून राहिलो. माझ्या प्रवर्गाची जागा संस्था जाहिरातीत काढतच नाही. ही जागा बदलून घेतली तर माझ्यासाठी घेतील असं वाटते तुम्हाला? सेक्रेटरीसाहेबांचा जावई लाईनमध्ये उभा आहे. त्याचे तर पीएच.डी.चे पेढेही वाटून झाले. सुरुवातीला मीही चिडायचो, हिच्यासाठी राखीव म्हणून आपण बाहेर. मग पाहिलं, ती पण बाहेरच आहे. आम्ही दोघं बाहेर, आणि वर्ग आम्हीच घेतो.”

“फाईली तुम्हीच नेल्या होत्या.”

“नेल्या, लंजे सरांच्या टेबलावर ठेवल्या, दोन दिवसांनी सरांनी दिल्या, परत केल्या. उघडल्या नाहीत. सेमिस्टरच्या पेपरांचे गठ्ठे होते माझ्यासमोर.”

एवढ्यात विभागप्रमुख डॉ. केशोराव लंजे आत आले. साठीला टेकलेला, मऊ बोलणारा माणूस. माझ्यासाठी स्वतः खुर्ची पुसली. म्हणाले, “खुशबू माझी मुलगीच समजा. तिच्यासारखा फील्डवर्कर या विभागाला मिळाला नाही आणि मिळणारही नाही. फार वाईट झालं.”

त्यांनी दाराजवळची एक हस्तलिखितांची चळत दाखवली. जिल्ह्यातल्या जुन्या तलावांतल्या वनस्पतींवर त्यांचा ग्रंथ चालला होता. त्यांच्या पणजोबांनी गावचा तलाव बांधला, आणि जिल्ह्यातल्या अशा तलावांत काय काय उगवतं ते सगळं नोंदून ठेवायचं, हे त्यांनी तरुणपणी ठरवलं होतं. तीस वर्षं झाली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

“माझे गुडघे गेले,” ते म्हणाले. “छातीभर पाण्यात उतरते ती खुशबू. गावातल्या बायका तिला झाडांची नावं सांगतात, मला सांगत नाहीत. ती नसेल तर हे काम माझ्या हातून पुरं व्हायचं नाही.”

बोलता बोलता त्यांची नजर राहुलच्या टेबलावर गेली आणि चेहरा बदलला. “पुन्हा फेविकॉल! दहा वर्षांत पिवळं पडतं ते. जाड देठ शिवायचा असतो, किती वेळा सांगितलं!”

“मला सुई चालवता येत नाही सर. पाचदा शिकवलंत, पाचदा बोटात गेली.”

केशोरावांनी कपाटातून एक जुनी शीट काढली आणि मला कौतुकाने दाखवली. “हे बघा. प्रत्येक टाका वेगळा, मागे प्रत्येकाची गाठ वेगळी, आणि गाठीवर कागदाची पट्टी. दोरा मागून सलग ओढत नेला तर खालच्या शीटवरची पानं त्यात अडकून मोडतात. आता असं काम या कॉलेजात दोघांनाच येतं. मला आणि खुशबूला.”

त्यांनी शीट उलटी केली. मागे नखाएवढ्या पांढऱ्या पट्ट्या होत्या.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. दिवसातला तिसरा. मी तो तसाच टेबलावर ठेवून प्राचार्यांच्या केबिनकडे जवळजवळ धावत गेले. तिथे तिन्ही अर्ज पडले होते. आधी त्या दोन अपात्र उमेदवारांचे उलटून पाहिले. दोन्हींना पोत्याची शिवण, सलग दोरा, वर एक गाठ. मग खुशबूचा घेतला. मागे तीन पट्ट्या. एक पट्टी मी नखाने उचलली. खाली टाक्याची स्वतंत्र गाठ होती.

हा अर्ज भैयाजीने शिवलेला नव्हता. कोणीतरी तो उसवून पुन्हा शिवला होता, आणि त्या पद्धतीने शिवणारी माणसं दोनच.

दारावर टकटक झाली. त्या दोघांपैकी एक दारात उभी होती.

४

खुशबू उईकेच्या हाताला मोहाचा वास येत होता. मागे तिची आई, मंगलीबाई, डोक्यावरचा पदर नीट करत उभी. दोघी सालेकसाहून एसटीने आल्या होत्या.

“फोन कुठं होता तुमचा?” मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

“मोहाचे दिवस आहेत मॅडम. सकाळी अंधारातच फुलं वेचायला जातो. तिकडं टॉवर नाही. चौकशी आज आहे हे पत्रानं कळलं, म्हणून आलो.”

मी अर्ज तिच्यापुढे उलटा ठेवला. तिने पट्ट्यांवर बोट फिरवलं आणि ते तिथेच थांबलं. ती शिवण तिने ओळखली हे मला दिसलं.

शिवणीचा प्रकार मी सांगताच प्राचार्य उसळले. “देखिए! तिनेच उसवला असेल. कागद विसरली, मग चोरून आत घालायला गेली.”

“मग घातला का नाही?” मी विचारलं. “चोरून आत शिरली, फाईल उसवली, पुन्हा शिवली आणि ज्यासाठी आली तो कागद मात्र हातातच घेऊन गेली? साहेब, ती पीएच.डी. आहे.”

प्राचार्य खिडकीबाहेर पाहू लागले. तिथे सायकल स्टँड होता, पाहण्यासारखं काही नव्हतं.

खुशबूने पर्समधून प्लॅस्टिकच्या कव्हरातलं मूळ वैधता प्रमाणपत्र काढलं. “याच्यासाठी जात पडताळणी समितीत चार वर्षं घालवली मी. पणजोबांच्या नावापर्यंतचे कागद मागितले. पहिली जाहिरात आली तेव्हा हे हातात नव्हतं. दुसऱ्या वेळी हातात होतं, तर मुलाखतीच रद्द झाल्या. यावेळी माघ पुनवेला आई एकटी कचारगडला, आमच्या देवांच्या जत्रेला गेली, मी घरी अर्जाचे कागद लावत बसली. आणि मी हाच कागद विसरणार?”

“विसरला नाहीत,” मी म्हटलं. “आता पान तेवीस बघा. हा दाखला तुम्ही जोडला होता?”

तिने पान वर धरलं आणि वाचायला लागली. अर्ध्यावर थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिचा चेहरा असा झाला की हसावं का रडावं ते तिलाच कळेना.

“मॅडम, हा दाखला मी सरांना तीन वर्षांपासून मागून राहिली. दर वेळी म्हणायचे, लिहून ठेवलाय, सही करतो, उद्या ये. मी आज पहिल्यांदा पाहून राहिली हा.”

“कायले रडतेस?” मंगलीबाई पहिल्यांदाच बोलली. “वाच ना का लिवलं हाये थे.”

खुशबूने डोळे पुसले आणि मोठ्याने वाचलं. “‘डॉ. उईके यांनी सहा वर्षे अध्यापनाचे व क्षेत्रकार्याचे काम उत्कृष्टपणे केले असून त्या नियमित सहायक प्राध्यापक पदासाठी सर्वथा योग्य आहेत.’”

बाहेर तास संपल्याची घंटा झाली. मी अर्ज उचलला आणि सगळ्यांना माझ्यामागे विभागात चला म्हणून सांगितलं.

५

केशोराव खिडकीशी उभे होते. राहुल त्याच्या टेबलाशी, भैयाजी दारात. मी बसले नाही. बसले असते तर कोणीतरी चहा मागवला असता.

“सर, हा अर्ज भैयाजींनी पोत्यासारखा शिवला होता. टोक ओढलं की सुटणारा. कोणीतरी ते टोक ओढलं, पान तेवीस काढलं, दुसरा कागद घातला, त्यावर लाल पेनाने आकडा टाकला. लाल पेन मास्तरांच्या खिशात असतंच. मग पुन्हा शिवायची वेळ आली तेव्हा हाताने सवयीचं काम केलं. प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाची गाठ वेगळी, वर पट्टी. अर्जाच्या खाली कुठलं पान मोडणार होतं, सांगा?”

केशोरावांनी खिडकीची कडी लावून घेतली.

“प्राचार्यांच्या केबिनमध्ये हा अर्ज तासभर होता, पण असं शिवणं तिथे कोणाला येत नाही. राहुलना सुई धरता येत नाही, आणि ते मी तुमच्याच तोंडून ऐकलं. उरली खुशबू. पण तिच्या अर्जात जो कागद घातला तो तिने आजवर पाहिलाच नव्हता. तो जूनपासून तुमच्या ड्रॉवरमध्ये होता, आणि तुम्ही तिला तीन वर्षं उद्या ये म्हणत होतात. तिच्या नावाचा एक कागद हवा होता आणि तो तयारच होता.”

“कोणीतरी माझ्या ड्रॉवरमधून...” त्यांनी सुरुवात केली आणि स्वतःच सोडून दिली. त्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती, हे मला मान्य करायला हवं.

“मूळ पान तेवीस कुठे आहे? तुम्ही ते फाडलं नसणार. वाळकं पानसुद्धा तुम्ही फेकत नाही.”

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, तिसरं कपाट उघडलं आणि खालच्या खणातून एक जाड कव्हर बाहेर घेतलं. आत देवधानाची शीट होती. देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारा रानटी तांदूळ. खाली संग्राहकाच्या रकान्यात खुशबूचं नाव होतं. शीटच्या मागे, दोन टिपकागदांच्या मध्ये, वैधता प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. कडेला दाभणाची तीन भोकं, वर लाल शाईत तेवीस, आणि कागदाला डांबरगोळ्यांचा वास.

“हा माजा नंबर,” भैयाजी दारातून म्हणाला. “हा माजाच नंबर हाये.”

“दीड वर्ष,” केशोराव खुर्चीत बसत म्हणाले. “फक्त दीड वर्षाचा प्रश्न होता. नियमित झाली की तिला स्वतःचे वर्ग, स्वतःचे विद्यार्थी, स्वतःचा प्रकल्प. मग ती माझ्या तलावात कशाला उतरेल? आणि उतरली तर ग्रंथावर माझ्या बरोबरीने तिचं नाव. मी तिला नाकारलं नव्हतं हो. फक्त लांबणीवर टाकलं. जागा तर त्यांच्यासाठी राखीवच आहे, ती कुठं पळून जाते? पुढच्या जाहिरातीत ती लागलीच असती.”

आता मात्र माझा तोल गेला. बॅगेतून संस्थेच्या ठरावाची प्रत काढली आणि त्यांच्यापुढे आपटली. “पुढची जाहिरात नाही! यावेळी उमेदवार मिळाला नाही तर जागा बदलून घ्यायची असा ठराव आहे हा. खाली शिक्षक प्रतिनिधी म्हणून सही कोणाची आहे?”

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. सही त्यांचीच होती.

“मी वाचला नव्हता,” ते पुटपुटले. “भैयाजींनी सह्यांसाठी आणला आणि...”

मला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही. चौतीस वर्षं हेच ऐकलंय मी. वाईट कोणीच करत नाही, सगळे नुसते सह्या करतात.

खुशबू टेबलापाशी आली. देवधानाची शीट तिने दोन्ही हातांनी उचलून सरळ ठेवली, ओंबी मोडू नये म्हणून.

“सर, सात वर्षं मी तुमच्या तलावात उतरून राहिली,” ती म्हणाली. “एकदा मले विचारायचं तरी होतं, की थांबशील का.”

केशोरावांनी वर पाहिलं. “विचारलं असतं तर थांबली असतीस?”

“नाही.”

६

प्राचार्यांनी मला गेटपर्यंत सोडायला येऊन अहवाल जरा सौम्य लिहायची विनंती केली. लंजे सरांची तीस वर्षांची सेवा, संस्थेची अब्रू, वगैरे वगैरे. शक्य झालं तर ‘अनवधानाने’ असा शब्द घालावा. मी स्कूटीला किक मारली. ती सुरू झाली नाही. तीन वेळा मारली तेव्हा झाली, आणि तोवर ते बोलतच होते.

अहवाल मी त्याच संध्याकाळी पूर्ण केला. मूळ पानाला २३ हाच आकडा ठेवला आणि दाखल्याला २३-अ दिला. छाननी समितीच्या ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ या शेऱ्यासमोर स्वतःच्या शब्दांत काही लिहिलं नाही. फक्त ‘कृपया पान २३-अ पाहावे’ असं लिहिलं. विभागप्रमुखांच्या सहीने तिथे सगळं लिहिलेलं होतंच, आणि मी लिहिलं असतं तर इतकं चांगलं जमलं नसतं. केशोरावांवरच्या कारवाईचा प्रस्ताव वेगळा पाठवला. त्याचं काय होईल ते मला ठाऊक आहे. समिती नेमली जाईल.

तीस तारखेला शुद्धिपत्र निघालं, एकतीसला मुलाखत झाली. बाहेरच्या तज्ज्ञांनी खुशबूला तलावातल्या वनस्पतींवर प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि वीस मिनिटांनी स्वतःच वहीत टिपून घ्यायला लागले. निवड यादीवर शेवटची सही संध्याकाळी पावणेपाचला झाली. कचेरी सहाला बंद होते, म्हणजे परवानगी संपायला सव्वा तास उरला होता. मी प्रत्येक सहीशेजारी बसून होते आणि प्रत्येकाला आधी मोठ्याने वाचायला लावलं. कोणालाच ते आवडलं नाही.

राहुलने पेढे आणले. “माझ्या जागेचं पण बघा कधी, मॅडम,” तो म्हणाला. मी त्याच्या प्रवर्गाचा बिंदू क्रमांक, म्हणजे रोस्टरवरचा जागेचा नंबर, डायरीत लिहून घेतला. तोही नऊ वर्षं तसाच पडून आहे, आणि आता माझं डोकं त्याने दुखणार आहे.

मंगलीबाई व्हरांड्यातल्या बाकावर दिवसभर बसून होती. खुशबूने निवडीचा कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने तो उलटून मागची बाजू पाहिली, जणू तिथेही काही लपलेलं असेल. मग माझ्याकडे वळली.

“बाई, आता हिले कचारगडच्या जत्रेले सुट्टी भेटन का? सात वर्सं झाली. सुट्टी घेतली तं तासाचे पैसे जाते, म्हणून येतच नाही.”

दिवसभरात मला पहिल्यांदाच एखादा नियम सांगायला बरं वाटलं.

“भेटेल मंगलीबाई,” मी म्हटलं. “हक्काची रजा असते. अर्ज द्यायचा फक्त.”

“आन् अर्जाचा कागद हरवला तं?”

खुशबू आईला गप्प बस म्हणाली. मी मात्र भैयाजीकडून दोरा आणि दाभण मागून घेतलं आणि अर्ज शिवूनच द्या म्हणून मंगलीबाईला दिलं.